दहावीचं वर्ष: आधी काय, नंतर काय

जूनमध्ये पालक भेटायला येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, क्लास कुठला लावू?" तेच पालक जानेवारीत सराव परीक्षेचे गुण हातात घेऊन येतात आणि म्हणतात, "घरी सगळं येतं हो त्याला, पेपरातच काय होतं कळत नाही." मूल खोटं बोलत नसतं आणि आईही. मुलाला वाचून समजलेलं असतं, लिहून जमलेलं नसतं. परीक्षा तर सगळी लिहिण्याचीच आहे.

मी राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला गणित शिकवते. हा लेखही त्याच परीक्षेबद्दल आहे. हुशारी कमी पडल्यामुळे नापास झालेली मुलं मी फार थोडी पाहिली. कामं उलट्या क्रमाने केल्यामुळे गुण घालवलेली मात्र दरवर्षी पाहते. म्हणून खाली महिन्यांच्या क्रमानेच लिहिलं आहे.

१. जून: आधी कागद

अभ्यासाच्या लेखात कागदपत्रं पहिल्या नंबरवर कशाला, असं वाटेल. पण जूनमध्ये हे काम अर्ध्या दिवसात होतं आणि फेब्रुवारीत त्यासाठी हेलपाटे घालावे लागतात.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ कसं लिहिलंय ते स्वतः जाऊन पाहा. शेजारी जन्मदाखला आणि आधार कार्ड ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. देवनागरी आणि इंग्रजी, दोन्ही स्पेलिंग तपासा. दहावीचं प्रमाणपत्र पुढे पासपोर्टपासून नोकरीपर्यंत सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून लागतं. बोर्डाचा अर्ज भरला जाण्याआधी शाळेतल्या शाळेत दुरुस्ती सोपी असते. प्रमाणपत्र छापून आल्यावर मात्र पुराव्यांची फाईल घेऊन विभागीय मंडळाकडे जावं लागतं.

साधारण दिवाळीच्या आगेमागे शाळा ऑनलाइन अर्ज भरते आणि नंतर सहीसाठी प्री-लिस्ट, म्हणजे अर्जात भरलेल्या माहितीची छापील यादी येते. इथे मुलं घोळ करतात. मधल्या सुट्टीत रांग लावून, न वाचता सही ठोकून मोकळी होतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीने अशीच सही केली. आईच्या नावाच्या जागी आजीचं नाव पडलं होतं आणि ते घरी कळलं थेट गुणपत्रिका आल्यावर. प्री-लिस्टमध्ये नावाइतकेच विषयही बघायचे असतात: संपूर्ण हिंदी की हिंदी-संस्कृत संयुक्त, माध्यम कोणतं, सगळं.

याच महिन्यात आणखी तीन गोष्टी उरकून घ्या.

मुलाला वाचण्या-लिहिण्यात किंवा आकडेमोडीत कायमची अडचण असेल, अध्ययन अक्षमतेची शंका असेल, तर तपासणीला आत्ताच जा. जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी नेमून दिलेल्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, तिथल्या तारखा लांबच्या मिळतात आणि प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो. "लोक काय म्हणतील" म्हणून थांबू नका. ही सवलत त्या मुलाच्या हक्काची आहे.

खेळाचे किंवा चित्रकलेच्या शासकीय परीक्षेचे वाढीव गुण मिळणार असतील, तर प्रमाणपत्राची प्रत शाळेत देऊन ठेवा. प्रस्ताव शाळाच पाठवते आणि त्याला मुदत असते.

अकरावीला आरक्षणातून अर्ज करायचा असेल तर जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, याची चौकशी आत्ता करा. निकालानंतर सेतू केंद्रावर गावभरची गर्दी असते. २०२५पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, त्यामुळे कागद स्कॅन करून तयार लागतात.

तपासा: जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर या तिन्हींत नाव एकच आहे ना? नसेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी शाळेच्या कार्यालयात जा.

२. जुलैचा पहिला आठवडा: पेपर बघायचा, सोडवायचा नाही

मुलं वर्षभर धडे वाचतात आणि प्रश्नपत्रिका पहिल्यांदा नीट बघतात ती डिसेंबरात. हे उलटं आहे. कुठे पोचायचंय ते आधी माहीत हवं.

गेल्या वर्षीचा प्रत्येक विषयाचा एक पेपर आणा. मुलाबरोबर बसा आणि एका मोठ्या कागदावर आराखडा मांडून भिंतीला लावा. एकूण गुण ६००. भाषांचा (संयुक्त भाषा सोडून) लेखी पेपर ८० गुणांचा, वेळ ३ तास. गणित भाग १ आणि भाग २, विज्ञान भाग १ आणि भाग २, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल हे प्रत्येकी ४० गुणांचे, वेळ २ तास. प्रत्येक विषयाचे उरलेले २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे.

आता एक साधा हिशेब मुलाकडूनच करून घ्या. मराठीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे भाषेच्या प्रश्नपत्रिकेत, गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६ आणि उपयोजित लेखन २४ गुणांचं. १८० मिनिटं भागिले ८० गुण, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. त्या हिशेबाने पत्र, जाहिरात, बातमी, कथा, निबंध या २४ गुणांच्या वाट्याला ५४ मिनिटं येतात. प्रत्यक्षात मुलं गद्य-पद्यात रमतात आणि उपयोजित लेखनाला वीस मिनिटं उरतात. "मराठी तर येतंच" म्हणणाऱ्यांचे गुण इथेच गळतात. हा हिशेब मुलाने स्वतःच्या हाताने मांडला की माझ्या दहा वेळा सांगण्यापेक्षा जास्त लक्षात राहतो.

सांभाळा: टक्केवारी सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांवर निघते, हे ऐकून काही मुलं एक विषय सोडून देतात. टक्केवारी पाचांची असली तरी उत्तीर्ण व्हायला सहावा विषयही लागतोच.

३. घर: पालकांचं काम नेमकं कोणतं

दहावीत घरोघरी पालक पर्यवेक्षक होतात. "वाचतोयस ना?" हा प्रश्न दिवसातून आठ वेळा. त्याने अभ्यास वाढत नाही, पुस्तक उघडं ठेवून बसायची सवय तेवढी लागते.

त्यापेक्षा हे करा. मुलाच्या अभ्यासाची जागा आणि दीड-दोन तासांची एक वेळ ठरवा. तेवढ्या वेळात घरातला टीव्ही बंद, आणि मुलाचा फोन दुसऱ्या खोलीत. मोठ्यांचे फोनही त्याच टोपलीत गेले, तर मुलाला शिक्षा झाल्यासारखं वाटत नाही. एका खोलीचं घर असेल तर शाळेची किंवा गावातली अभ्यासिका, शेजारच्यांची रिकामी खोली किंवा पहाटेची वेळ बघा. मुलगी असेल तर तिला त्या दोन तासांत चहा टाकायला, धाकट्याला सांभाळायला उठवू नका. मुलाला उठवत नाही तसंच.

झोप सात तासांच्या खाली जाऊ देऊ नका. पेपर सकाळी ११ला असतो. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या मुलाचं डोकं नेमकं त्या वेळी सुस्तावलेलं असतं.

रविवारी अर्धा तास बसा आणि तीनच प्रश्न विचारा: या आठवड्यात काय लिहून झालं? कुठे अडलंय? मी काय आणून देऊ? मार्क विचारू नका, आत्याच्या मुलीचे तर नकोच.

क्लासबद्दल एवढंच सांगते की शाळा, क्लास आणि प्रवास धरून मुलाला स्वतःच्या हाताने लिहायला रोज दोन तास उरत नसतील, तर क्लास चांगला असूनही जास्त होतोय.

४. जुलै ते दिवाळी: एक धडा, चार पावलं

सगळं वर्ष या टप्प्यावर उभं आहे. क्रम मोडू नका.

पहिलं पाऊल: पाठ्यपुस्तक. बालभारतीचं पुस्तक आधी, गाईड नंतर. पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं, चौकटी, आकृत्यांखालची ओळ, धड्याअखेरचा स्वाध्याय हे सगळं वाचायचं. गाईडमध्ये उत्तर आयतं असतं, त्यामुळे प्रश्न वाचण्याची सवयच लागत नाही.

दुसरं पाऊल: पुस्तक मिटून लिहिणं. विज्ञानाचा धडा वाचून झाला की कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं: व्याख्या, सूत्र, आकृती, उदाहरण. अडलं तर पुस्तक उघडायचं नाही, जागा कोरी सोडायची. ती कोरी जागाच सांगते की काय आलेलं नाही. पहिल्या वेळी पान अर्धं कोरं राहतं आणि मूल घाबरतं. तेव्हा आई-बाबांनी शेजारी बसून सांगावं की असं होणारच, आणि हे आज घरी कळलं हे बरं झालं.

तिसरं पाऊल: तपासणं. वेगळ्या रंगाच्या पेनाने, पुस्तक शेजारी ठेवून, मुलानेच तपासायचं. गणितात नुसतं उत्तर जुळलं म्हणून बरोबरची खूण करायची नाही. सूत्र लिहिलंय का, किमती घातल्यात का, एकक दिलंय का? गुण पायऱ्यांना मिळतात. उत्तर चुकूनही सूत्र आणि मांडणीचे गुण हाती लागतात. नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला ते मिळत नाहीत.

चौथं पाऊल: चुकांची वही. दोनशे पानी वही, विषयवार भाग. प्रत्येक चुकीला तीन रकाने: काय चुकलं, का चुकलं, पुन्हा कधी सोडवलं. "का"मध्ये तीनच कारणं चालतील: माहीत नव्हतं, घाई झाली, प्रश्न नीट वाचला नाही. "सिली मिस्टेक" हे कारण मी वहीत लिहू देत नाही, कारण त्यातून काय करायचं ते कळत नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वहीतली नोंद सांगते. वर्गसमीकरणात कंसाबाहेरचं उणे चिन्ह आत नेताना दुसऱ्या पदाचं चिन्ह बदललं नाही. कारण: घाई. महिनाभराने आम्ही पानं चाळली, तर हीच चूक सात वेळा, आणि सातही वेळा दुसऱ्याच पदाला. सात नोंदी एकाखाली एक बघून तो स्वतःच म्हणाला, "मॅडम, मी पहिल्याच पदावर थांबतो." त्यानंतर तो कंस उघडताना प्रत्येक पदाखाली पेन्सिलने टिंब द्यायचा. वहीने त्याला घाईवरचा उपाय शोधून दिला. "लक्ष देऊन कर" असं मी त्याला त्याआधी वर्षभर सांगत होते.

विषयवार नेहमी गळणारे गुणही इथेच लिहिते.

भूमितीत रचनेच्या खुणा खोडू नका, तशी सूचना प्रश्नपत्रिकेवरच छापलेली असते. एका नीटनेटक्या मुलीने सराव परीक्षेत स्पर्शिकेची रचना अचूक काढली आणि मग कंपासचे सगळे चाप खोडरबरने साफ पुसले, आकृती स्वच्छ दिसावी म्हणून. खुणा नाहीत म्हणजे रचना केल्याचा पुरावाच नाही. गुण कापताना मलाही वाईट वाटलं.

विज्ञानात भिंगांच्या किरणाकृतीत रेषा बरोबर असतात, पण किरणांवर बाण नसतात. समीकरण लिहिलं तर संतुलित केलेलं नसतं. "फरक स्पष्ट करा" म्हटल्यावर एक बाजू चार ओळींची आणि दुसरी एक ओळीची असते.

भूगोलात भारत आणि ब्राझील दोन्ही अभ्यासाला आहेत आणि मुलं ब्राझीलच्या नकाशाचा सराव टाळतात. रोज एक कोरा नकाशा, पाच जागा, दहा मिनिटं. नकाशात सूची द्यायला विसरायचं नाही.

इतिहासात चार ओळींच्या उत्तराला दीड पान लिहू नका. दोन गुणांना दोन-तीन नेमके मुद्दे पुरतात.

तपासा: दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चुकांच्या वहीची निदान चाळीस पानं भरली नसतील, तर मूल वाचतंय पण लिहीत नाहीये.

५. दिवाळीनंतर सराव परीक्षेपर्यंत: घड्याळ लावून

आता पूर्ण पेपर. आठवड्याला दोनापासून सुरुवात, जानेवारीत तीन-चार. पेपर सकाळी ११लाच सोडवायला बसा, निदान रविवारी तरी. टेबलावर पाण्याची बाटली, साधं मनगटी घड्याळ आणि दोन पेनं, बाकी काही नाही. मध्ये उठायचं नाही.

४० गुणांना १२० मिनिटं, म्हणजे गुणाला तीन मिनिटं. सरावात मात्र अडीच मिनिटांचं लक्ष्य ठेवा, म्हणजे १०० मिनिटांत पेपर संपतो आणि तपासायला वीस मिनिटं उरतात. २०२३पासून मंडळाने शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली आहेत. ती सरावात धरायची नाहीत.

गणिताच्या पेपरात ४० गुणांपैकी २० गुण पहिल्या दोन प्रश्नांचे, म्हणजे एका-दोन गुणांच्या उपप्रश्नांचे. तिथे सावकाश, नीट जा. मुलं ते भराभर उडवून चार गुणांच्या उदाहरणाला अर्धा तास देतात आणि दोन्हीकडे मार खातात. एखाद्या उदाहरणात गाडी अडली, तर पाच मिनिटांनी जागा सोडून पुढे जायचं, हेसुद्धा सरावातच शिकावं लागतं.

सांभाळा: बहुपर्यायी प्रश्नात पहिलं लिहिलेलं उत्तरच धरलं जातं. आधी एक पर्याय लिहून मग खाली दुसरा लिहिला, तर दुसरा बरोबर असूनही गुण मिळत नाही. कच्चं काम आधी, पर्याय नंतर.

सराव परीक्षेचे गुण कमी आले तर घरात सुतक पाळू नका. उत्तरपत्रिका मागून घ्या, गेलेला प्रत्येक गुण चुकांच्या वहीत उतरवा आणि कोणत्या कारणाखाली सर्वांत जास्त गेले ते मोजा. "माहीत नव्हतं" जास्त असेल तर धडे, "घाई" असेल तर घड्याळ, "प्रश्न वाचला नाही" असेल तर प्रश्नातल्या मुख्य शब्दाखाली रेघ मारायची सवय. पुढच्या महिन्याचं वेळापत्रक त्यावरून आपोआप बनतं.

तोंडी, प्रात्यक्षिकं आणि अंतर्गत मूल्यमापनही याच सुमाराला येतं. विज्ञानाची प्रयोगवही अपुरी ठेवून शेवटच्या रात्री मैत्रिणीची उतरवून काढू नका. प्रयोगाबद्दल दोन प्रश्न विचारले की ते लगेच उघडं पडतं.

६. शेवटचे तीन आठवडे

नवीन गाईड, नवीन क्रॅश कोर्स, व्हॉट्सअॅपवर फिरणारे "हमखास येणारे प्रश्न" हे सगळं बंद. चुकांची वही, पाठ्यपुस्तक आणि सोडवलेले पेपर एवढंच. वेळापत्रक मंडळाचं अधिकृत छापील किंवा शाळेने दिलेलंच धरा. दरवर्षी कुणीतरी सोशल मीडियावरचं जुनं वेळापत्रक भिंतीला लावतं.

हॉल तिकीट मिळालं की त्याच दिवशी घरी वाचा: नाव, फोटो, विषय, माध्यम, केंद्र, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. चूक असेल तर त्याच दिवशी शाळेत. दोन झेरॉक्स काढून एक घरी ठेवा. परीक्षेच्या आधी एकदा केंद्रावर जाऊन या, पेपरच्या वेळेलाच, म्हणजे एसटी किंवा रिक्षाला किती वेळ लागतो ते कळेल.

या दिवसांत मूल जेवत नसेल, रात्र रात्र झोपत नसेल, "माझ्याने काहीच होणार नाही" असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर ते नाटक समजू नका. अभ्यासाचं नाव न काढता त्याच्याजवळ बसा, शाळेतल्या समुपदेशकांशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, पालकांनाही.

७. पेपरच्या दिवशी

आता मुलांनो, तुमच्यासाठी.

सकाळच्या सत्राला साडेदहाला केंद्रावर हजर. पॅड, दोन-तीन निळी किंवा काळी पेनं, पेन्सिल, कंपासपेटी, हॉल तिकीट. फोन आणि स्मार्ट घड्याळ घरी.

उत्तरपत्रिका हातात आली की बैठक क्रमांक अंकात आणि अक्षरात, हॉल तिकिटावर बघून लिहा, आठवणीतून नको. बारकोडच्या पट्टीवर काही लिहू नका. उत्तरपत्रिकेत कुठेही नाव, देवाचं नाव किंवा "कृपया पास करा" असं काही लिहायचं नाही. पान फाटलेलं असेल तर लगेच सांगून बदलून घ्या.

प्रश्नपत्रिका मिळाल्यावर पहिली तीन-चार मिनिटं फक्त वाचा. "कोणतेही दोन" असं आहे तिथे कोणते दोन ते खूण करून ठरवा. प्रश्नक्रमांक आणि उपप्रश्नाचं अक्षर प्रश्नपत्रिकेतल्यासारखंच समासात लिहा. क्रमांक चुकला की उत्तर बरोबर असूनही परीक्षकाला ते शोधत बसावं लागतं.

पुरवणी घेतली की लगेच तिच्यावर क्रमांक टाका. भूगोलाचा नकाशा, आलेख कागद, पुरवण्या हे सगळं शेवटच्या दहा मिनिटांत क्रमाने लावून दोऱ्याने घट्ट बांधा. मी वर्गावर असताना बघितलंय, घंटा झाल्यावर मुलं थरथरत्या हातांनी दोरा ओवत बसतात.

घरी आल्यावर झालेला पेपर तपासायचा नाही. पालकांनी विचारायचा प्रश्न एकच: जेवायला काय वाढू?

८. निकालानंतर

गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज छायाप्रत मिळाल्यावरच करता येतो आणि दोन्हींना ठरलेली मुदत असते. छायाप्रत विषयशिक्षकांना दाखवून मगच पुढचे पैसे भरा. नुसत्या रागावर अर्ज करू नका.

विषय राहिला असेल तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. दोन विषयांपर्यंत राहिले असतील तर एटीकेटीने अकरावीला प्रवेश घेता येतो. निकालाच्या दुपारीच, घरात नातेवाइकांचे फोन सुरू व्हायच्या आत, हे मुलाला सांगा. मग ती चुकांची वही पुन्हा टेबलावर ठेवा. राहिलेल्या विषयाची पानं त्यात आधीच भरलेली आहेत, सुरुवात तिथूनच करायची.